रक्तद्रवातील प्रथिने मोजताना : मास स्पेक्ट्रोमीटरच्या कॅलिब्रेशनचा परिचय

मेदोरोगाचा एखादा रुग्ण तीन महिन्यांची चिकित्सा पूर्ण करून येतो तेव्हा त्याच्या हातात प्रयोगशाळेचे दोन अहवाल असतात. चिकित्सेपूर्वीच्या अहवालात सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, ज्यास आपण व्यवहारात सीआरपी म्हणतो, लिटरला ३.१ मिलिग्रॅम, चिकित्सेनंतरच्या अहवालात २.४. रुग्ण समाधानी असतो, वैद्यही समाधानी असतो, आणि असे तीस-चाळीस रुग्ण जमले की एखादा प्रबंधही सिद्ध होतो. या दोन आकड्यांमधील फरक रुग्णाच्या शरीरात घडला की परीक्षानलिकेत घडला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. उदाहरण म्हणून आम्ही रक्तद्रवातील प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटरने मोजण्याची पद्धत घेतली आहे, कारण आयुर्वेदीय संशोधनात या यंत्राचा उल्लेख आता वारंवार येऊ लागला आहे आणि त्याच्या आकड्यांपुढे आपण बहुधा निमूटपणे मान तुकवितो.

यंत्राने दिलेला आकडा म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते अनुमान आहे. धूम पाहून अग्नीचे अनुमान करावयाचे तर धूम व अग्नी यांची व्याप्ती आधी सिद्ध असावी लागते. यंत्रातील विद्युत्संकेत पाहून प्रथिनाच्या मात्रेचे अनुमान करावयाचे, तर 'अमुक संकेत म्हणजे अमुक मात्रा' हा संबंधही आधी, ज्ञात मात्रेच्या पदार्थावर, सिद्ध करून घ्यावा लागतो. या कृतीस कॅलिब्रेशन म्हणतात. मराठीत तिला मापशुद्धी म्हणण्यास हरकत नसावी.

मानपरिभाषेची आठवण

आपल्या शास्त्राला हा विचार नवा नाही. शार्ङ्गधरसंहितेच्या आरंभीच मागध व कालिंग अशी दोन माने सांगितली आहेत. दोहोंत 'माषा' हा शब्द आहे, परंतु माषा म्हणजे किती गुंजा, हे दोहोंत निरनिराळे आहे. एका मानाने लिहिलेला योग दुसऱ्या मानाने तोलला तर औषध बिघडते, आणि बिघडले हे तराजूकडे पाहून कधीच कळत नाही, कारण तराजूचा काटा दोन्ही वेळा मध्यावरच असतो. द्रवद्वैगुण्याचा नियमही येथे स्मरावा. शुष्क द्रव्याचे माप द्रव व आर्द्र द्रव्यास जसेच्या तसे लावू नये, म्हणजे मोजावयाचा पदार्थ कोणत्या आधारात आहे त्यावर मापाचा अर्थ बदलतो, ही दृष्टी त्यात आहे. रक्तद्रवाच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत अधिक त्रास देते.

यंत्र काय मोजते

रक्तातील पेशी वेगळ्या केल्या की उरतो तो रक्तद्रव. रक्त गोठू देऊन मग वेगळा केला तर तो रक्तरस. त्यात फायब्रिनोजेन उरत नाही. रक्तद्रवात लिटरला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. सर्वाधिक प्रमाणातील सुमारे बावीस प्रथिने मिळून एकूण वजनाचा ९९ टक्के भाग व्यापतात. उरलेल्या एका टक्क्यात, ज्यांच्याविषयी आपल्याला कुतूहल असते अशी बहुतेक सर्व प्रथिने असतात. अल्ब्युमिन लिटरला ४० ग्रॅम धरले आणि इंटरल्युकिन-६ मिलिलिटरला ४ पिकोग्रॅम धरले, तर पहिले दुसऱ्याच्या एक हजार कोटी पट भरते. तांदळाचा एक दाणा २० मिलिग्रॅमचा मानला, तर दहा टनांच्या वीस मालमोटारींमधून एक विशिष्ट दाणा शोधण्यासारखे हे काम आहे.

अखंड प्रथिने मोठी व गुंतागुंतीची असल्याने त्यांना आधी ट्रिप्सिन या पाचक एंझाइमने तोडतात. ट्रिप्सिन हे लायसिन व आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढे प्रथिनसाखळी कापते आणि पेप्टाइड नावाचे लहान तुकडे मिळतात. हे तुकडे द्रवस्तंभातून क्रमाक्रमाने बाहेर काढून, विद्युत्भारित करून, निर्वात यंत्रात सोडतात. प्रथिनांसारखे नाजूक रेणू न मोडता असे भारित करता येतात, हे दाखविल्याबद्दल जॉन फेन व कोइची तानाका यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. यंत्र प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान व विद्युत्भार यांचे गुणोत्तर, आणि त्या तुकड्यापासून मिळालेल्या संकेताची तीव्रता, अशा दोन गोष्टी नोंदविते. पहिलीवरून तुकडा कोणाचा हे ठरते, दुसरीवरून तो किती हे ठरते. म्हणून मापशुद्धीही दोन असतात. त्यांची गल्लत फार होते. 'यंत्र कॅलिब्रेट केलेले होते' एवढे वाक्य प्रबंधात आले म्हणजे बहुधा पहिलीच झालेली असते.

पहिली मापशुद्धी : कोण

काही यंत्रांत भारित रेणू एका लांब नळीतून धावतात आणि त्यांना लागलेल्या वेळावरून वस्तुमान काढले जाते. वेळ हा गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. वस्तुमान आधीच ठाऊक असलेली दोन-तीन पेप्टाइडे धाववून या संबंधातील स्थिरांक ठरवितात. हे एकदा ठरवून भागत नाही. पोलादाची नळी तापमान एक अंशाने वाढले की लाखात एक ते पावणेदोन भागांनी लांबते आणि वस्तुमानातील चूक त्याच्या दुप्पट, म्हणजे दशलक्षात सुमारे तीस भागांच्या आसपास, होते. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. परंतु लायसिन व ग्लुटामिन या दोन अमिनो आम्लांच्या वस्तुमानांत केवळ ०.०३६ एककाचा फरक आहे, आणि १२०० एककांच्या पेप्टाइडमध्ये तो दशलक्षात तीस भागच भरतो. खोलीचे वातानुकूलन बंद पडले तर एका प्रथिनाच्या जागी दुसऱ्याचे नाव येऊ शकते.

यावर उपाय असा की ज्ञात पदार्थ नमुन्यातच असावा. गंमत अशी की ट्रिप्सिन स्वतःलाही थोडे कापून घेते. वराहजन्य ट्रिप्सिनचे ८४२.५१ व २२११.१० या स्थानांवरील तुकडे प्रत्येक नमुन्यात न मागता हजर असतात. नमुन्यागणिक त्यांवरून अक्ष सरळ करून घेता येतो.

हे न पाळल्यास काय होते, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांनी बीजांडकोशाच्या कर्करोगाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. रक्तरसाच्या एका थेंबाचा वर्णपट घेऊन संगणकाने त्यातील आकृतिबंध ओळखावा, अशी ती पद्धत. ओळख लपवून दिलेल्या ११६ नमुन्यांपैकी कर्करोगाचे पन्नासच्या पन्नास तिने ओळखले आणि उरलेल्या ६६ पैकी ६३ निर्दोष ठरविले. या रोगाचे निदान सहसा उशिरा होते. त्यामुळे हा निष्कर्ष म्हणजे असंख्य स्त्रियांसाठी आशेचा किरण होता. संशोधकांनी आपली मूळ आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवली, हा त्यांचा मोठेपणा. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली, जेफ्री मॉरिस व केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती तपासली. २००४ मध्ये त्यांनी दाखविले की एका संचातील आकृतिबंध दुसऱ्या संचात टिकत नाहीत, संचासंचांत वस्तुमानाचा अक्ष सरकलेला दिसतो, प्रयोग चालू असताना मध्येच कार्यपद्धती बदलल्याच्या खुणा आहेत, आणि ज्या भागात यंत्राचा केवळ गोंगाट असतो त्या अगदी कमी वस्तुमानाच्या भागावरूनही रोगी व निरोगी 'ओळखता' येतात. गोंगाटावरून जर कर्करोग ओळखला जात असेल, तर जे ओळखले जात आहे तो कर्करोग नव्हे. रोग्यांचे व निरोग्यांचे नमुने यंत्रावर वेगवेगळ्या परिस्थितीत चालविले गेले, एवढेच ते ओळखणे आहे. त्या पद्धतीवर आधारलेली चाचणी बाजारात आणण्याची तयारी झाली होती. २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीत लक्ष घातले आणि ती रुग्णांपर्यंत पोचली नाही.

येथे कोणी लबाडी केली असे आम्हांस म्हणावयाचे नाही. नमुने कोणत्या क्रमाने चालवावेत, हा कारकुनी प्रश्न आहे असे समजले गेले, एवढेच.

दुसरी मापशुद्धी : किती

संकेताची तीव्रता दुप्पट म्हणजे मात्रा दुप्पट, असे सरळ गणित या यंत्रात चालत नाही. एकाच वेळी यंत्रात शिरणारे इतर रेणू आपल्या पेप्टाइडला विद्युत्भार मिळण्यात वाटेकरी होतात व त्याचा संकेत दाबतात. शुद्ध पाण्यात विरघळविलेल्या पेप्टाइडचा संकेत आणि तितकेच पेप्टाइड रक्तद्रवात असताना मिळणारा संकेत यांत म्हणून मोठी तफावत पडते. पाण्यात आखलेली मापनरेषा रक्तद्रवास लावणे म्हणजे शुष्क द्रव्याचे माप आर्द्रास लावणे होय.

यावरील युक्ती सुंदर आहे. जे पेप्टाइड मोजावयाचे तेच प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवितात, परंतु त्याच्या शेवटच्या लायसिनमध्ये साध्या कार्बन व नायट्रोजनऐवजी त्यांचे जड समस्थानिक घालतात. हे समस्थानिक किरणोत्सर्गी नसतात. असे पेप्टाइड मूळ पेप्टाइडहून ८ एककांनी जड होते. शेवटी आर्जिनिन असेल तर १० एककांनी. रासायनिक वर्तनात दोघे जुळे भाऊ असतात. ते स्तंभातून एकाच क्षणी बाहेर पडतात, आणि एकाचा संकेत जितका दबतो तितकाच दुसऱ्याचाही दबतो. यंत्राला मात्र दोघे वेगळे दिसतात. जड पेप्टाइड ज्ञात मात्रेत मिसळावयाचे आणि हलके व जड यांच्या संकेतांचे गुणोत्तर घ्यावयाचे. दाबले जाणे अंश व छेद दोहोंतून निघून जाते. २००३ मध्ये हार्वर्ड येथील गायगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत प्रथिनांसाठी सविस्तर मांडली. लहान रेणूंसाठी ती त्याआधी कित्येक वर्षे वापरात होती.

आता आकडे घेऊ. सीआरपीच्या एका उपघटकाचे वस्तुमान सुमारे २३,००० आहे. एखाद्या रुग्णाच्या रक्तद्रवात लिटरला ३.४५ मिलिग्रॅम सीआरपी असेल तर प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये त्याचे १५० फेम्टोमोल होतात. एक फेम्टोमोल म्हणजे सुमारे साठ कोटी रेणू. एक मायक्रोलिटर रक्तद्रव घेतला, ट्रिप्सिनने तोडला, आणि नंतर त्यात जड पेप्टाइड १५० फेम्टोमोल मिसळले. सर्व सीआरपी पूर्णपणे तुटले असेल तर गुणोत्तर १.०० येईल व उत्तर ३.४५ येईल.

परंतु सर्व सीआरपी तुटले नसेल तर? समजा ८० टक्केच तुटले. हलके पेप्टाइड १२० फेम्टोमोल, जड १५०, गुणोत्तर ०.८०, उत्तर २.७६. अमेरिकन हार्ट असोसिएशन व तेथील रोगनियंत्रण केंद्रे यांनी २००३ मध्ये हृद्रोगाच्या जोखमीसाठी जे गट सुचविले त्यांत ३ मिलिग्रॅमच्या वरचा गट अधिक जोखमीचा आहे. आपला रुग्ण अपुऱ्या पचनामुळे त्या गटातून खाली उतरला. हे पचन त्याच्या अग्नीचे नव्हे, परीक्षानलिकेतील ट्रिप्सिनचे! जड पेप्टाइडने यंत्रातील दोष सुधारला हे खरे, परंतु ते स्वतः पचनातून गेलेच नव्हते. त्यामुळे पचनातील दोषाची त्यास वार्ताच नाही.

आता लेखाच्या आरंभीचा रुग्ण पुन्हा पाहू. त्याचे सीआरपी तीन महिन्यांपूर्वी ३.४५ होते आणि आजही ३.४५ आहे, असे धरू. पहिला नमुना जानेवारीत तपासला, ट्रिप्सिन ताजे होते, ९० टक्के पचन झाले, अहवाल ३.१. दुसरा नमुना एप्रिलमध्ये तपासला, ट्रिप्सिनची कुपी अनेकदा गोठवून वितळविलेली होती, ७० टक्के पचन झाले; अहवाल २.४. औषधाने सीआरपी २२ टक्क्यांनी उतरले असे आपण लिहितो. शिवाय ही चूक तीसही रुग्णांत एकाच दिशेची असल्याने संख्याशास्त्राची कसोटी तिला 'अर्थपूर्ण' ठरवील. रुग्णसंख्या वाढवून ही चूक कमी होत नाही. उलट तिच्यावरचा आपला विश्वास वाढतो.

मानक केव्हा मिसळावे

उपाय तत्त्वतः सोपा आहे. ज्ञात मात्रेचा पदार्थ शक्य तितका आधी मिसळावा, म्हणजे नमुन्याबरोबर तोही सर्व संस्कारांतून जाईल. पेप्टाइडऐवजी जड समस्थानिकांनी बनविलेले संपूर्ण प्रथिनच रक्तद्रवात पहिल्या पायरीला मिसळले, तर पचन ७० टक्के होवो की ९० टक्के, हलके व जड दोघांचे सारखेच होते आणि गुणोत्तर १.०० राहते. अडचण खर्चाची आहे, आणि थोडी तत्त्वाचीही. जीवाणूंत किंवा पेशीसंवर्धात तयार केलेले प्रथिन मानवी रक्तातील प्रथिनासारखेच घडी घातलेले असते असे नाही. त्यावरील शर्करांची मांडणी वेगळी असू शकते आणि ते कमीअधिक सुलभतेने तुटते. म्हणून मधला मार्ग म्हणून पेप्टाइडच्या दोन्ही टोकांना मूळ प्रथिनातील काही अमिनो आम्ले जोडून लांबविलेले मानक वापरतात. ट्रिप्सिनला त्यास कापावेच लागते. आमच्या मते रुग्णांवरील अभ्यासात किमान एवढे तरी असावे. केवळ पेप्टाइड पचनानंतर मिसळून मिळविलेले आकडे 'मिलिग्रॅम प्रति लिटर' या एककात छापू नयेत.

दुसरी एक अडचण चटकन लक्षात येत नाही. मापनरेषा आखण्यासाठी शून्य मात्रेपासून आरंभ करावा लागतो, आणि मानवी रक्तद्रवात सीआरपी शून्य कधीच नसते. म्हणून ज्यात ते पेप्टाइड मुळीच नाही असा, उदाहरणार्थ कोंबडीचा, रक्तद्रव वापरतात, किंवा उलट मार्गाने हलक्याची मात्रा स्थिर ठेवून जडाची मात्रा पायरीपायरीने वाढवितात. रेषा एकाच बिंदूवरून आखलेली असेल तर ती रेषा नव्हे, अंदाज आहे. मोजावयाच्या सबंध पल्ल्यात पाच-सहा बिंदू तरी हवेत, आणि पल्ल्याबाहेरचा आकडा छापू नये.

या सर्वाची मोठी परीक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने झाली व तिचे निष्कर्ष २००९ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. आठ प्रयोगशाळांना तीच सात प्रथिने, तोच रक्तद्रव व तीच लेखी कृती देण्यात आली. त्या सातांत सीआरपीही होते. पहिल्या फेरीत पेप्टाइडे आयती मिसळून दिली होती. शेवटच्या फेरीत अखंड प्रथिने मिसळलेला रक्तद्रव दिला आणि पचनासह सर्व काम प्रयोगशाळांवर सोपविले. सामग्री व कृती समान असेल तर निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवरही जुळणारे आकडे मिळतात, हा मुख्य निष्कर्ष आशादायक होता. मात्र जसजशी पूर्वतयारी प्रयोगशाळांच्या हाती गेली तसतशी तफावत वाढली आणि सापडलेली मात्रा प्रत्यक्ष मिसळलेल्या मात्रेहून कमी भरली. यंत्रे महाग होती. चूक होत होती ती पिपेट व पचनाच्या पायरीला.

रक्त काढतानाच

कॅलिब्रेशन कितीही काटेकोर असले तरी नळीत जे आलेच नाही ते मोजले जाणार नाही. हा भाग सर्वस्वी वैद्याच्या हातचा असल्याने थोडे विस्ताराने सांगतो. ईडीटीए, हेपॅरिन व सायट्रेट यांपैकी कोणत्या नळीत रक्त घेतले हे नोंदवावे आणि अभ्यासात ते कधीही बदलू नये. मानवी प्रथिनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये रक्तद्रव-प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याअखेर ईडीटीएला पसंती दिली. सायट्रेट द्रवरूप असते, नऊ भाग रक्तास एक भाग. रक्त दहाव्या हिश्श्याने पातळ झाले असे वाटते, परंतु सायट्रेट पेशींत शिरत नसून रक्तद्रवातच मिसळते. पेशींचा वाटा ४५ टक्के असेल तर नऊ भागांत रक्तद्रव ४.९५ भाग, त्यात एक भाग सायट्रेट, म्हणजे प्रथिने सुमारे १७ टक्क्यांनी कमी भरतात. पांडुरोगी रुग्णात पेशींचा वाटा ३० टक्के असेल तर हीच घट सुमारे १४ टक्के होते. मंडूर किंवा लोहाच्या कल्पांनी पांडु बरा झाला, तर त्या यशामुळेच रक्तद्रवातील प्रत्येक प्रथिन किंचित उतरलेले दिसेल!

रुग्ण काही वेळ उभा होता की आडवा, याने प्रथिनांची संहती दहा टक्क्यांपर्यंत बदलू शकते. विरेचनानंतर शरीरातील द्रव घटलेला असतो. त्या दिवशी काढलेल्या रक्ताची तुलना स्नेहपानापूर्वीच्या रक्ताशी केल्यास कित्येक प्रथिने 'वाढलेली' दिसतील. संसर्जनक्रम पूर्ण झाल्यावर, तीच वेळ व तीच स्थिती राखून रक्त घ्यावे. नळी जोराने हलविल्यास तांबड्या पेशी फुटून त्यांतील प्रथिने रक्तद्रवात उतरतात. रक्तद्रवास गुलाबी छटा दिसली तर तो नमुना बाजूला ठेवावा. यंत्र त्यासही आकडा देईलच.

प्रमेहाच्या रुग्णाचा परिचित आकडा

मास स्पेक्ट्रोमीटरशी आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्या वैद्याने प्रमेहाच्या रुग्णाचा एचबीए१सी अहवाल पाहावा. हे प्रथिन तांबड्या पेशींतील आहे, रक्तद्रवातील नव्हे. परंतु मापशुद्धीचा इतका चांगला नमुना दुसरा नाही. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय चिकित्सा-रसायन महासंघाने त्यासाठी संदर्भपद्धती मान्य केली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे टोक एंझाइमने कापून सहा अमिनो आम्लांचा तुकडा मिळवितात आणि त्यांतील किती तुकड्यांवर ग्लुकोज चिकटलेले आहे हे मास स्पेक्ट्रोमीटरने किंवा केशिका विद्युत्-पृथक्करणाने मोजतात. मापनरेषेसाठी शुद्ध एचबीए१सी व शुद्ध एचबीए० ज्ञात प्रमाणात एकत्र करतात. या पद्धतीने पाहता प्रचलित ७ टक्के हा आकडा ५.३ टक्केच, म्हणजे मोलमागे ५३ मिलिमोल, भरला. जुन्या पद्धती दुसऱ्याही काही घटकांना एचबीए१सीमध्येच धरत होत्या. तरीही ७ हा आकडा टाकून दिला गेला नाही, कारण मोठ्या चिकित्सा-अभ्यासांचे निष्कर्ष त्याच मानात होते. दोन मानांमधील परिवर्तनाचे सूत्र ठरविले गेले. मागध व कालिंग ही दोन्ही माने शास्त्रात नांदली ती अशीच, परस्परसंबंध लेखी ठेवून.

रसशाळेतही हेच यंत्र

औषधनिर्मात्यांपैकी अनेकांना जड धातूंच्या चाचणीमुळे याच जातीच्या यंत्राशी व्यवहार करावा लागतो. केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी तेव्हाच्या आयुष विभागाने २००५ च्या आदेशाने ही चाचणी १ जानेवारी २००६ पासून आवश्यक केली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३, दशलक्ष भागांत, या मर्यादा सर्वांना पाठ आहेत. तेथेही चूर्ण आधी आम्लात 'पचवावे' लागते आणि तेथेही मानक पचनानंतर मिसळले तर पचनातील हानी लपते. उघड्या भांड्यात तापविल्यास पारा उडून जातो आणि अहवाल निर्मळ येतो. उलट प्रकारही घडतो. यंत्रातील आरगॉन वायू व नमुन्यातील क्लोरीन मिळून ७५ एककांचा संयोग बनतो आणि आर्सेनिकचे वस्तुमानही ७५ आहे. त्यामुळे लवणभास्करासारख्या सैंधवादी लवणांनी युक्त चूर्णात, योग्य दक्षता घेतली नाही तर, नसलेले आर्सेनिक दिसते. आपला माल नाकारला गेल्यास निर्मात्याने प्रयोगशाळेस एवढेच विचारावे की याच चूर्णात पचनापूर्वी ज्ञात मात्रेत शिसे, आर्सेनिक व पारा मिसळून ते किती परत मिळाले. पाच मिसळून चार मिळत असतील तर त्या अहवालातील प्रत्येक आकडा त्या दृष्टीने वाचावा लागेल.

अभ्यास योजताना

दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रकृतिभेद व रक्तातील जनुकाविष्कार आणि जैवरासायनिक घटक यांचा संबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून अशा अभ्यासांकडे आपल्या महाविद्यालयांचा ओढा वाढला आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. मात्र प्रयोगशाळेशी करार करतानाच काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. चिकित्सेपूर्वीचे नमुने लगेच तपासून मोकळे होऊ नये. उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि त्याच रुग्णाच्या नंतरच्या नमुन्याबरोबर एकाच दिवशी, एकाच ट्रिप्सिनने पचवावेत. कोणता नमुना पूर्वीचा व कोणता नंतरचा हे यंत्र चालविणाऱ्यास ठाऊक नसावे आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. २००२ च्या त्या निबंधात हेच राहून गेले होते. सीआरपीसाठी मानक कोणते, त्याची मात्रा कोणी ठरविली व ती कोणत्या मान्य संदर्भद्रव्याशी जोडलेली आहे, हेही विचारावे. रक्तातील प्रथिनांसाठी असे युरोपीय संदर्भद्रव्य १९९३ पासून आहे आणि सीआरपीसाठी पुढे स्वतंत्र संदर्भद्रव्यही निघाले. सर्व नमुने एका दिवशी आटोपणारे नसतील तर अनेक निरोगी व्यक्तींचा रक्तद्रव एकत्र करून, लहान लहान कुप्यांत भरून गोठवावा आणि प्रत्येक दिवशी आरंभी, मध्ये व शेवटी त्याची एक कुपी रुग्णांच्या नमुन्यांप्रमाणेच पचनापासून चालवावी. याचा खर्च फारसा नाही. आमच्या उदाहरणातील प्रयोगशाळेत अशी एक कुपी जानेवारीत व एक एप्रिलमध्ये चालविली असती, तर औषधाचा एक कणही न पोचलेल्या त्या रक्तद्रवातील सीआरपीसुद्धा २२ टक्क्यांनीच उतरलेले दिसले असते.